अमळनेरच्या हवेत युकुलेले : कामाची वही

१५ जानेवारी २०२४

संक्रांतीच्या मुहूर्तावर वही सुरू केली. लेकीसाठी घरीच युकुलेले, म्हणजे गिटारीसारखं चार तारांचं छोटं वाद्य, बनवायचं. माप कॉन्सर्ट, म्हणजे मधलं, घेतलं आहे: तारेची वाजती लांबी ३८० मिमी, पेटीची लांबी २८०, खालचा फुगवटा २००, वरचा १४५, कंबर १२०. सोप्रानो याहून लहान असतं, ३४५ च्या आसपास, आणि टेनर ४३० चं. लेकीचा हात वाढता आहे. सोप्रानोवर तिला लवकरच बोटं ठेवायला जागा पुरणार नाही.

लाकूड घरचंच. बोरीकाठच्या गावी आमचं धाब्याचं घर होतं. ते उतरवलं तेव्हा सागाचे दोन सरे, म्हणजे छपराच्या तुळया, आणि एक कवाड मी मागून घेतलं होतं. सातपुड्यातला साग, त्यात दोन-तीन पिढ्या छपराखाली वाळलेला. वखारीतला नवा साग दिसायला छान, पण आतली ओल निघायला वर्षं लागतात, आणि ओल निघते तसं लाकूड हलतं. वाद्याला ते हलणं आधीच होऊन गेलेलं लाकूड पाहिजे.

सागाचं वाद्य वाजतं का, असं घरात प्रत्येकाने विचारलं. हवाईत युकुलेले कोआच्या लाकडाचं करतात. कोआ हे बाभळीच्या कुळातलं झाड. वाळलेला कोआ घनमीटरला साधारण ६१० किलो भरतो, साग ६५० च्या आसपास. म्हणजे फार लांबचे नाहीत. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो ओलीला दबत नाही आणि बाकीच्या लाकडांच्या मानाने कमी फुगतो, कमी आटतो. खान्देशात राहणाऱ्या वाद्याला हा गुण फार मोलाचा आहे.

आणि या सगळ्या कामात माझं खरं लक्ष तिथेच राहणार आहे: हवेवर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर उतरते आणि ऑगस्टात पंच्याऐंशीच्या वर जाते. दोन मिलिमीटरची फळी हा सगळा प्रवास दरवर्षी करणार. कोणता सांधा कोणत्या महिन्यात चिकटवायचा, हे आत्ताच ठरवून कामाला लागायचं.

२१ जानेवारी

सरा आरा मशीनवर नेला. मालकाने आधी लोहचुंबक फिरवायला लावलं आणि ते बरोबरच होतं. वरून काही दिसत नव्हतं, पण एका जागी चुंबक चिकटला. पटाशीने उकरलं तर जुना चौकोनी खिळा, लोहाराने ठोकून केलेला. भोवतालचा साग काळा पडलेला. तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवला.

सरा कसा चिरायचा यावर मिस्तरी नानांशी बोलून घेतलं होतं. नाना आमच्या गल्लीतले. आयुष्य दारं, पाळणे आणि बैलगाड्यांत गेलं, आता डोळ्यांमुळे काम सोडलंय, पण माझ्या शेडमध्ये रोज संध्याकाळी येऊन बसतात. लाकडातली वाढीची वर्तुळं फळीला काटकोनात उभी राहतील असं चिरायचं, हे आमचं दोघांचं एकमत. वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितकं आटतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आटतं. उभ्या वर्तुळांची फळी म्हणून कमी हलते, आणि ताठही राहते.

पाच मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, एकामागून एक, क्रमाने. ओळीने निघालेल्या दोन फळ्या वहीच्या पानांसारख्या उघडल्या की दोन्हीकडे नक्षी सारखी येते. तबलीची, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीची, जोडी आणि पाठीची जोडी. कवाडाच्या फळीतून कडांच्या पट्ट्या. सगळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून शेडच्या माळ्यावर थप्पी लावली.

६ फेब्रुवारी

दोन तारखेपासून चारपर्यंत गावात साहित्य संमेलन होतं, ९७ वं. अमळनेरला १९५२ नंतर पहिल्यांदाच. घरात पाहुणे, शेडमध्येही गाद्या टाकल्या होत्या. त्यामुळे काम बंद. आज झाडून-पुसून पुन्हा कामाच्या पाटावर आलो.

पाहुण्यांपैकी एका काकांनी विचारलं, हे वाद्य मुळात कुणाचं? त्यांना सांगितलेलं इथेही लिहून ठेवतो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसं घेऊन होनोलुलूला पोचलं. ही माणसं उसाच्या मळ्यांत काम करायला आली होती. त्यांच्यात मानुएल नुनेस, जोसे दो एस्पिरितो सांतो आणि ऑगुस्तो दियास हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. मदेरात माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य वाजवत, त्याच घडणीवर या मंडळींनी तिथल्या कोआत युकुलेले घडवलं. राजा कालाकौआने त्याला दरबारात मान दिला. पुढे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पसरलं.

मला यातली एक गोष्ट धीर देते. ज्यांनी हे वाद्य जगाला दिलं ते टेबल-कपाटं करणारे सुतार होते. रंधा, पटाशी, करवत, सरस. माझ्या शेडमध्येही तेच आहे.

१८ फेब्रुवारी

तबली. आठवडाभर या एका फळीभोवतीच फिरतोय आणि त्याचा कंटाळा येत नाही.

आधी मधला सांधा. दोन्ही फळ्या मिटवून, एकत्र धरून कडेला लांब रंधा मारला, मग उजेडासमोर जोडून पाहिल्या. कुठूनही किरण येता कामा नये. सागाच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून रंधा मारल्या मारल्या कापसाने अ‍ॅसिटोन फिरवायचं आणि लगेच चिकटवायचं. ताज्या पृष्ठभागाला सांधा धरतो. दुसऱ्या दिवशी तेल पुन्हा वर आलेलं असतं.

मग जाडी. पाचवरून साडेतीनपर्यंत रंधा, अडीचपर्यंत बारीक पात्याचा रंधा, तिथून पुढे पोलादी पत्तीने खरवडणं. सागात सिलिका असते, धार पटापट मरते. रंध्याचं पातं वारंवार दगडावर न्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी नेलंच पाहिजे, कारण बोथट पातं सागाच्या रेषा उपटतं.

फळी वरच्या टोकापासून साधारण पाव लांबीवर दोन बोटांत सैल धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोकायची. तीन मिमीला आवाज पाटासारखा येत होता, टक, आणि संपला. अडीचला त्याला थोडी शेपटी आली. २.२ ला फळी कानाजवळ धरली तर आवाज ठोक्यानंतरही मागे राहत होता, आणि आडवी वाकवून पाहिली तर हाताला हवा तेवढा सैलपणा लागत होता. कडेला १.८ आणि घोडीखाली (तबलीवर तारा जिला बांधतात तो तुकडा) २.१ वर थांबलो. नाना बाजूला बसून ऐकत होते. फळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "इतलं पातय कसाले? फुटी जाई ना!" मी त्यांच्या हातात फळी तशीच ठेवून मध्ये ठोकायला सांगितलं. त्यांनी ठोकलं, पुन्हा ठोकलं, मग फळी कानाला लावून बसले. पुढे काही बोलले नाहीत, पण जाताना स्वतःची जुनी पत्ती मला देऊन गेले. तिला आजही काचेसारखी धार आहे.

२५ फेब्रुवारी

कडा वाकवल्या. पट्ट्या १.७ मिमी जाड, ७० रुंद, ४३० लांब. साध्या लोखंडी पाइपचा तुकडा पाटाच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळला आणि आतून ब्लो टॉर्चची ज्योत सोडली. जस्त चढवलेला पाइप या कामाला घेऊ नये, तापला की त्याचा धूर विषारी असतो.

पाइपवर पाण्याचा थेंब टाकायचा. तो नुसता उकळला तर अजून थांबायचं, टणकन उडून पळाला की पाइप तयार. भिजवलेली पट्टी त्यावर टेकवायची, मागून पातळ पत्र्याचा आधार द्यायचा आणि वाट पाहायची. जोर करायचा नाही. ओल्या लाकडातला तंतू बांधणारा पदार्थ शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो, आणि तो क्षण हाताला कळतो: आतापर्यंत उलट ढकलणारी पट्टी एकदम मान टाकते. सागाचा उग्र, चामड्यासारखा वास शेडभर झाला. कंबर आधी वाकवली, कारण तिथे वळण सगळ्यात आवळ असतं. मग खालचा फुगवटा, शेवटी वरचा.

दोन्ही पट्ट्या प्लायच्या साच्यात आवळून ठेवल्या. आठवडाभर हात लावायचा नाही.

३ मार्च

कडा साच्यातून काढल्या, आकार धरलाय. वरचा-खालचा ठोकळा शिवण झाडाच्या लाकडाचा, चिकटवला. तबली-पाठ चिकटायला जागा मिळावी म्हणून कडेच्या आतून लायनिंगची पट्टी: सहा मिमी रुंद, दर पाच मिमीवर चिरा दिलेली, म्हणजे वळणाबरोबर वळते. ती धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे, त्यावर रबर गुंडाळून. घरातले सगळे चिमटे दोन दिवस शेडमध्ये होते.

१० मार्च

आज तबलीच्या आतल्या पट्ट्या लावल्या, आणि या वाद्याचं नशीब माझ्या मते आज ठरलं.

पट्ट्या पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनमधून काढल्या. गिरणीच्या एका यंत्राचं खोकं होतं, त्यात एक फळी अगदी सरळ, दाट रेषांची मिळाली. पाच मिमी रुंद, सात उंच, टोकाला निमुळत्या केल्या. आवाजाच्या भोकाच्या वर एक आडवी, खाली एक आडवी आणि घोडीखाली पंख्यासारख्या तीन. वाद्याच्या चार तारांचा ताण मिळून पंधरा-वीस किलोच्या आसपास जातो. तबलीला तो ताण पेलायचा आहे आणि तरीही हलायचं आहे. पट्टी जाड केली तर वाद्य मुकं, बारीक केली तर पोट फुगणार.

चिकटवताना दाब द्यायला क्लॅम्प आत पोचत नाहीत. म्हणून पाटावर चार खांब उभे करून वर प्लायची छत टाकली आणि मधे बांबूच्या कामट्या वाकवून अडकवल्या. प्रत्येक कामटी सरळ व्हायला बघते आणि पट्टीला खाली दाबते. कामट्या धडगावकडच्या बांबूच्या, टोपल्या विणणाऱ्या एका काकूंनी तासून दिलेल्या. जाडी बोटाने चाचपून त्यांनी सगळ्या एकसारख्या काढल्या होत्या. दाब मोजला नाही, पण सगळीकडे डिंकाचा सारखा मणी बाहेर आला.

आता हवेचा मुद्दा. वाद्य बनवण्याच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं की पट्ट्या चाळीस-पंचेचाळीस टक्के आर्द्रतेला चिकटवा. ज्या गावांत वर्षभर हवा त्याच्या आसपास राहते त्यांना ते ठीक. तबलीच्या रेषा उभ्या जातात आणि पट्ट्या आडव्या. फळी आडवी आटते-फुगते, पट्टी मात्र लांबीच्या दिशेने जवळपास हलतच नाही. म्हणजे चिकटवल्यानंतर फळी आटली तर तिला पट्टी धरून ठेवते आणि फळी ताणली जाते. लाकडाला आडवा ताण सहन होत नाही, ते रेषेत फाटतं. उलट फळी फुगली तर ती वर उचलली जाते, पोट येतं, आवाज थोडा जड होतो, पण फाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बसते.

आपल्याकडचा धोका मे महिन्याचा आहे. म्हणून मी पंचेचाळीसला चिकटवणार नव्हतोच. गेले काही दिवस शेडमधला आर्द्रतामापक दुपारी २८-३० दाखवतोय. फळ्या त्याच हवेत उघड्या ठेवल्या होत्या. आज दुपारी तीन वाजता, काटा २९ वर असताना, डिंक लावला. मेमधल्या सुक्या हवेपर्यंतचं अंतर त्यामुळे कमी राहिलं, आणि ऑगस्टातलं फुगणं मी पत्करलंय.

पाठीच्या पट्ट्या खालून किंचित कमानदार केल्या, मध्यावर तीन मिमी उंच. पाठ आटली तर आधी कमान सपाट होईल. फाटण्याआधी लाकडाला द्यायला तेवढी सवलत हाताशी राहते.

२४ मार्च

पेटी बंद केली. बाहेर होळीच्या गोवऱ्या रचत होते आणि आत मी तबली-पाठ आवळत होतो. आर्द्रता २६. बंद करण्याआधी लेकीने आतून पेन्सिलीने स्वतःचं नाव आणि तारीख लिहिली. भोकातून डोकावलं तर वाचता येतं.

९ एप्रिल

पाडव्याला दांडी हातात घेतली. लाकूड शिवण. वजनाला हलकं, एकदा वाळलं की शांत, आणि पटाशीला लोण्यासारखं येतं. डोक्याकडचा कोन १४ अंश, तिरका सांधा. दांडी पेटीला एका बोल्टने जोडायची ठरवली. चिकटवलेली दांडी शोभते खरी, पण पुढे कोन बदलायची वेळ आली तर बोल्ट सोडवून पाचर घालता येते. आपल्या हवेत ती वेळ येऊ शकते.

पेपरात मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली. मन भरून आलं. तबली, घोडी, दांडी, खुंट्या, पडदे हे मी या वहीत लिहितोय ते सगळे शब्द सतारीच्या कारागिरांचे. तुनाचं लाकूड आणि भोपळा यांतून तिथे जे काम पिढ्यान्‌पिढ्या होतंय त्याच्या जोरावर आपल्याला ही भाषा मिळाली आहे.

२१ एप्रिल

पडद्यांची पट्टी, म्हणजे दांडीवरची, जिच्यात सुरांचे पडदे (धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या) बसतात ती. हिच्यासाठी अंजन घेतला. अंजन म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचं झाड, खडकाळ माळावर उभं राहणारं, उन्हाळ्यात गुरांना पाला देणारं. भारतातल्या सगळ्यात जड लाकडांमध्ये त्याची गणती होते. एका शेतकरी मित्राकडे मोडलेल्या गाडीचा आस पडला होता, त्यातून तुकडा मिळाला. बादलीत टाकला, सरळ तळाला गेला. परदेशी आबनूस मागवायची गरजच पडली नाही. रंग गडद तांबूस-काळा, आणि पत्तीने घासल्यावर पॉलिश न लावता चमकतो.

पडद्यांचं गणित. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक पडदा मागच्या लांबीला १.०५९४६ ने भागून मिळतो, किंवा उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या पडद्याचं अंतर. ३८० च्या तारेला पहिला पडदा २१.३ वर, दुसरा ४१.५, तिसरा ६०.५, पाचवा ९५.३, सातवा १२६.४ आणि बारावा बरोबर मध्यावर, १९० ला. सगळी मापं वरच्या टोकापासूनच घ्यायची. एका पडद्यावरून दुसऱ्याचं माप घेत गेलं तर केसाएवढी चूक साठत साठत बाराव्याला मिलिमीटरभर होते.

नानांनी इथे मला खिळवून ठेवलं. ते भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतात, स्वराला कान पक्का. त्यांनी विचारलं, पंचम कुठे पडला? तारेचा तिसरा भाग सोडला की शुद्ध पंचम, म्हणजे १२६.७. माझा सातवा पडदा १२६.४. जवळपास तोच. मग गंधार? शुद्ध गंधार तारेच्या पाचव्या भागावर, ७६ मिमीला. माझा चौथा पडदा ७८.४ ला. तब्बल अडीच मिलिमीटरचा फरक, गंधार थोडा चढा. सतारीत पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, रागाप्रमाणे सरकवता येतो. इथे तो लाकडात ठोकलेला. त्याच्या बदल्यात कुठल्याही सुरापासून गाणं उचलता येतं. नानांनी दोन्ही खुणांवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं आणि हार्मोनियममध्येही हेच होतं, असं स्वतःच सांगितलं.

अंजनात खाच पाडणं कष्टाचं. खाच ०.६ मिमी. जरा अरुंद झाली तर पडदा बसत नाही आणि ठोकला तर पट्टी मागे वाकते. प्रत्येक खाचेत आधी पडद्याचा तुकडा हाताने अर्धा दाबून पाहायचा, मगच हातोडी.

पट्टी दांडीला आणि घोडी तबलीला सरसाने चिकटवली, फेविकॉलने नाही. फेविकॉल जातीचा पांढरा डिंक उष्णतेला नरम होतो आणि सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. उन्हात बंद गाडीत वाद्य राहिलं तर घोडी उठायची भीती. सरस रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांवर वितळवला. सत्तरच्या वर नेला तर त्याची पकड जाते. थंड प्रदेशात सरस हात फिरेपर्यंत गोठतो, म्हणून तिथे लाकूड तापवून घेतात. शेडमध्ये आज ४० अंश आहेत. सरस निवांत वेळ देत होता. घोडी शिसवीची केली, अंजन तिथे फार जड झाला असता.

५ मे

लाख पॉलिश. शंभर ग्रॅम चपडा, अर्धा लिटर स्पिरिट, दोन दिवस बाटलीत, मग फडक्यातून गाळून. मलमलीच्या पुरचुंडीत कापूस, त्यावर थेंबभर गोडं तेल, आणि गोल गोल फिरवत पातळ थर. या उकाड्यात स्पिरिट क्षणात उडतं, म्हणून पहाटे पाच ते सात एवढंच काम. पावसाळ्यात लाखेवर पांढरी छटा येते, ओल थराखाली अडकते. हे काम उन्हाळ्यातच उरकायला हवं.

जुना साग लाखेखाली मधासारखा उजळला.

११ मे

काल आखाजी (अक्षय्य तृतीया). ताई माहेरी आली होती, अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. तिच्यासमोर तारा चढवायच्या हे आधीच ठरलं होतं. नायलॉनच्या चार तारा. वरून खाली प, सा, ग, ध. सा पांढरी एकचा, आणि धैवत म्हणजे ४४० हर्ट्झचा. वरची पहिली तार खर्जातला पंचम नसून सा च्या वरचा, मध्य सप्तकातला. युकुलेलेचा तो खळखळता आवाज यामुळे येतो, वरच्या तारेवरून बोट खाली जाताना सूर आधी वर असतो.

नायलॉन सुरुवातीला ताणतं, दर दहा मिनिटांनी उतरत होतं. रात्री उशिरा स्थिर झालं. बाराव्या पडद्यावर दाबून आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून, दोन्ही सूर मिळतात का पाहिलं. घोडीवरचं हाड (तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी) आधीच दोन मिमी मागे सरकवून बसवलं होतं, कारण दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. ध वर अगदी मिळाला, सा वर केसभर चढा. हाडाची कड कानसने मागे घेतली, जुळला.

आवाज उघडा आहे. कोआसारखा झणझणीत नाही, थोडा गोलसर. खालचे सूर कॉन्सर्टच्या मानाने भरलेले. ताई झोक्यावरची आखाजीची गाणी म्हणत होती आणि लेक दोनच कॉर्ड धरून तिच्या मागे जात होती. नाना ओट्यावर बसून होते. "आते बरं वाजी ऱ्हायनं," एवढंच बोलले.

वजन ४८० ग्रॅम. बाराव्या पडद्यावर तारेची उंची २.४ मिमी.

२६ मे

शेडमध्ये ४४ अंश, आर्द्रता १४. वाद्य मुद्दाम इथेच ठेवलं होतं, कापडी पिशवीत. पोलादी पट्टी तबलीवर आडवी ठेवून पाहिली: मार्चपेक्षा किंचित सपाट, पण बुडालेली नाही. मधल्या सांध्यावर भिंग घेऊन फिरलो. कुठेही रेघ नाही. पाठीची कमान तीनवरून दीडवर आली. तेवढी सवलत तिने खरोखर वापरली. घोडीच्या कडेखाली कागद जात नाही.

पट्टीच्या कडेला पडद्यांची टोकं बोटाला लागायला लागली होती, पट्टी आटली की हे होतं. बारीक कानसने गोल केली.

२३ जून

पाऊस लागला. आर्द्रता ७०. तारेची उंची २.६.

१३ ऑगस्ट

रविवारी कानबाई (खान्देशातला देवीचा सण) बसल्या, काल विसर्जन झालं. रोटांच्या दळणापासून घरात धावपळ होती, त्यात लेकीने युकुलेले रोज वाजवलं, त्यामुळे बघायला मिळालं ते वापरातलं वाद्य.

आर्द्रता ८६. तबलीला घोडीमागे पोट आलंय, सपाट रेषेपासून जवळपास एक मिमी. तारेची उंची बाराव्यावर २.९, म्हणजे घोडी वर उचलली त्याच्या निम्मी इथे दिसते, हिशेब जुळतो. आवाज मेपेक्षा थोडा दबलेला आहे आणि लेक म्हणते, बोटं दुखतात. सांधे सगळे घट्ट. कडेच्या लायनिंगला कुठे उघाड नाही.

दांडीचा कोन बदलायची गरज नाही. घोडीवरच्या हाडाची दुसरी प्रत केली, एक मिमी कमी उंचीची. जुनं काढलं, नवं बसवलं, उंची परत २.४. दोन्ही हाडांवर पेन्सिलीने खूण केली आहे, एकावर "पा", एकावर "उ". दिवाळीनंतर हवा सुकली की उन्हाळ्याचं हाड परत बसवायचं. पिशवीच्या कप्प्यात डबी शिवून त्यात ते ठेवलंय.

पुढच्या वाद्याच्या फळ्या माळ्यावर थप्पीत आहेत. या वेळी तबली शिवणीची करून पाहायची आहे, कडा-पाठ सागाचीच. पट्ट्या चिकटवायला मार्चचा दुसरा आठवडा, काटा तिशीच्या खाली आल्यावर. तोवर अंजनाचा आणखी एक तुकडा शोधायचा.